नवं मेडिकल कॉलेज आणि न येणारं मुलाखतीचं पत्र

हा भाग मी अक्कलकोटला घरीच रेकॉर्ड केला होता, त्यामुळे ऐकताना मधेच भोंगा वाजतो, कुकरच्या शिट्ट्याही येतात. लिहिताना तेवढं काढलंय. बाकी बोललो तसंच ठेवायचा प्रयत्न आहे.

गोष्ट २०२४ सालची. माझी पुतणी दुसऱ्यांदा नीटला बसली होती. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं, मग एक वर्ष घरी बसून अभ्यास. सोलापूरला क्लास, सकाळची एसटी, दुपारी परत. ४ जूनला निकाल लागला तेव्हा आमच्या घरात पेढे आले. मग काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. वाढीव गुणांचा वाद, सुप्रीम कोर्ट, आणि भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर धरली होती, त्यातलं एकच बरोबर असा निष्कर्ष. २६ जुलैला सुधारित निकाल आला आणि चार लाखांवर मुलांचे पाच-पाच गुण गेले. त्यात ही पण होती. पाच गुण म्हणजे बारावीत काही नाही. नीटमध्ये पाच गुणांत हजारो मुलं पुढं निघून जातात.

तर अशी ही पोर ऐन काठावर येऊन उभी. आणि माझी आई, म्हणजे तिची आज्जी, रोज संध्याकाळी एकच विचारायची : "मुलाखतीचं पत्र आलं का गं?"

तिला किती वेळा सांगितलं, आई, डॉक्टरकीला मुलाखत नसते आता. यादी लागते. मोबाईलवर. तिला ते पटायचं नाही. "पोरीला बघितल्याशिवाय, चार शब्द बोलल्याशिवाय डॉक्टर कसं करायला घेतात?"

आधी मी हसलो. पण हा प्रश्न अडाणी नाही, मंडळी. जगात बऱ्याच ठिकाणी बघूनच घेतात. आमच्याच नात्यातली एक मुलगी अमेरिकेत आहे, ती त्याच काळात मेडिकलचे अर्ज भरत होती. तिकडं अर्ज पाठवायचा, मग कॉलेज आणखी निबंध मागतं, आणि मग वाट बघायची ती मुलाखतीच्या बोलावण्याची. बोलावणं आलं नाही तर विषय संपला. तिथं नवीन कॉलेज असेल तर त्याला आधी प्राथमिक मान्यता लागते, ती मिळेपर्यंत विद्यार्थ्यांचे अर्जच घेता येत नाहीत. आणि पहिली मुलं ओढायला नवं कॉलेज काय काय करतं बघा : कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावात कैसर परमनंटेचं मेडिकल स्कूल २०२० साली सुरू झालं, त्यांनी पहिल्या पाच तुकड्यांची शिकवणी फीच माफ केली. नव्या कॉलेजला नाव नसतं, म्हणून ते मुलांची मनधरणी करतं. आपल्याकडं कुणी मनधरणी करत नाही. जागा एक आणि मागं रांग मारुतीच्या शेपटाएवढी.

आणि आपल्याकडंही मुलाखत होती की. सेवाग्रामचं उदाहरण घ्या. वर्ध्याजवळ, गांधीजींच्या आश्रमाशेजारी. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी तिथं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. सुशीलाबेन म्हणजे गांधीजींच्या डॉक्टर, पुढं केंद्रात आरोग्यमंत्री. पहिली तुकडी ६० जणांची. आता जरा त्या ६० जणांच्या घरचा विचार करा. कॉलेज नवं कोरं. मागं एक सीनियर नाही, आधी डॉक्टर होऊन बाहेर पडलेला एक माणूस नाही. खेड्यात राहायचं. खादी घालायची, दारू-सिगारेट-मांसाहार नाही, सर्वधर्म प्रार्थना, श्रमदान. नागपुरात शिकायची सोय असताना हे कुणी का निवडावं? म्हणून तिथं मुलाखत नुसती हुशारी बघायला नव्हती. हा पोरगा, ही पोरगी इथं टिकेल का, हे बघायला होती. पुढं त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा झाली आणि त्यात गांधी विचारांचा एक वेगळा पेपर असायचा. नीट आल्यावर तो पेपरही गेला. आज सेवाग्रामला जाणारी मुलंसुद्धा नीटच्या गुणांवरच जातात.

हे चांगलं झालं की वाईट? माझं मत सांगतो. मुलाखतीत ओळखी चालतात. इंग्रजी चालतं, कपडे चालतात, बाप काय करतो हे चालतं. अक्कलकोटच्या, जिच्या घरी मराठी आणि गल्लीत कन्नड, अशा पोरीला मुलाखतीत किती गुण पडले असते, सांगता येत नाही. यादीला तोंड नसतं आणि डोळेही नसतात. मला ते बरं वाटतं. पण आईचा प्रश्न म्हणून खोटा ठरत नाही.

एक अपवाद सांगून पुढं जातो. पुण्याचं एएफएमसी, १९४८ पासूनचं लष्करी मेडिकल कॉलेज. तिथं अजून मुलाखतीचं बोलावणं येतं. नीटच्या गुणांवर छाननी होते, मग इंग्रजी आणि तर्काची वेगळी परीक्षा, मानसशास्त्राची चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. मुलींच्या जागा मुलांपेक्षा खूपच कमी. कारण साधं आहे : ते विद्यार्थी घेत नाहीत, अधिकारी घेतात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "बघ, मिल्ट्रीवाल्यांना कळतं."

आता मुख्य मुद्दा. त्या वर्षी महाराष्ट्रात एकदम दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं निघाली. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि ठाणे जिल्ह्यातलं अंबरनाथ. मुंबई आणि नाशिकला ५०-५० जागा, बाकी आठ ठिकाणी १००-१००. एकूण ९००. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीनं त्यांचं उद्घाटन केलं, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या चालूच होत्या तेव्हा. काठावर उभ्या असलेल्या मुलांसाठी ९०० सरकारी जागा म्हणजे काय, ते ज्याच्या घरी असं पोर आहे त्यालाच कळेल.

पण घरात लगेच दोन पक्ष पडले. माझा भाऊ म्हणाला, नव्या कॉलेजात कशाला, इमारत नाही, मास्तर नाहीत, त्यापेक्षा जुन्या चांगल्या कॉलेजात डेंटल घेऊ. वहिनी म्हणाली, एमबीबीएस ते एमबीबीएस. आणि पुतणी काहीच बोलेना. ती नुसती पीडीएफ उघडायची आणि बंद करायची.

इथं थोडं मागं जाऊन एक सांगतो, कारण आमच्या तालुक्याला ते महत्त्वाचं आहे. पूर्वी राज्यात ७०:३० होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग, आणि ज्या भागातलं कॉलेज त्या भागातल्या मुलांना ७० टक्के जागा. अक्कलकोट उर्वरित महाराष्ट्रात आणि शेजारचं धाराशिव मराठवाड्यात. ही अट सरकारनं २०२० साली काढून टाकली. मराठवाड्यातल्या मुलांची ती जुनी मागणी होती, कारण त्यांच्याकडं कॉलेजंच कमी. आता राज्याच्या ८५ टक्के कोट्यात सगळा महाराष्ट्र एक. त्यामुळं पुतणीच्या पसंतीच्या यादीत सोलापूर, धाराशिव, सिंधुदुर्ग, नंदुरबार, गडचिरोली, सगळंच आलं. धाराशिवचं सरकारी कॉलेजही तसं नवंच, २०२२ चं. सोलापूरचं वैशंपायन मेडिकल मात्र १९६३ पासूनचं, पण त्याची मेरिट काठावरच्या मुलीला कुठं झेपणार?

आणि आमच्याकडं अजून एक गोची आहे, जी पुण्यामुंबईवाल्यांना माहीत नसते. अक्कलकोटची बरीच मुलं अकरावी-बारावीला कलबुर्गी नाहीतर विजयपुराला जातात. जवळ पडतं, मावशी-आत्या तिकडं असतात. पण महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. काही अपवाद आहेत, पण ते सरकारी नोकरांच्या वगैरे मुलांसाठी. घर अक्कलकोटला, रेशनकार्ड अक्कलकोटचं आणि बारावी कलबुर्गीची, तर इथला दरवाजा बंद. आमच्या ओळखीतल्या एका घराला हे नीटचा निकाल लागल्यावर कळलं. तेव्हा काय करणार? गंमत अशी की कर्नाटकाच्या प्रवेश नियमांत अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत या तालुक्यांचं नाव आहे. ज्यांची मातृभाषा कन्नड आहे अशा सीमेवरच्या, गडिनाडू मुलांसाठी तिकडं वेगळं कलम आहे, त्यासाठी कन्नडची परीक्षा द्यावी लागते. आणि महाराष्ट्राच्या नियमांत बेळगावकडच्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तसंच कलम. दोन्ही राज्यं एकमेकांच्या पोरांना बोलावतात. पण ही कलमं बारावीच्या आधी वाचायची असतात, नंतर नाही.

तर, पसंतीक्रम. यात लोक सगळ्यात जास्त चुकतात म्हणून सावकाश सांगतो.

यादी लावणारं संगणकाचं गणित असं चालतं : पहिल्या मेरिटचं मूल घेतलं, त्याच्या पहिल्या पसंतीला जागा आहे का बघितलं. नसेल तर दुसरी, मग तिसरी. जिथं मिळाली तिथं थांबलं आणि पुढचं मूल घेतलं. बस. म्हणजे तुम्ही एखादं कॉलेज पहिलं लिहिलं म्हणून तिथं तुमचा नंबर वर जात नाही, आणि विसावं लिहिलं म्हणून खाली येत नाही. तुमचा नंबर मेरिटनं ठरलेलाच आहे. त्यामुळं "हे मिळणार नाही, उगाच कशाला वर लिहा" किंवा "हे हमखास मिळेल, म्हणून पहिलं टाका" हे दोन्ही चुकीचं. दुसरं तर घातक, कारण हमखास मिळणारं पहिलं टाकलं तर तेच मिळतं, आणि त्या फेरीत वरचं चांगलं मिळत असूनही बघितलंच जात नाही. खरोखर जे हवं त्याच क्रमानं लिहायचं. आणि जे लिहिलंच नाही ते मिळत नाही. नवं कॉलेज मधल्याच फेरीत जागांच्या तक्त्यात आलं, आणि तुम्ही जुनीच यादी डोळे झाकून पुन्हा भरली, तर ते कॉलेज तुमच्यासाठी नाहीच. आमच्या घरी हे होता होता राहिलं. दुसऱ्या वेळी तक्ता उघडला तेव्हा त्यात एक नाव दिसलं जे आधी आम्ही बघितलंच नव्हतं. पुतणीच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

दुसरी अडचण जागा मिळाल्यावरची. प्रवेश घेतला आणि "हीच जागा ठेवतो" असा फॉर्म भरून दिला, त्याला स्टेटस रिटेन्शन म्हणतात, तर तुम्ही पुढच्या फेरीतून बाहेर. तो भरला नाही तर पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचं मिळू शकतं, पण मिळालं की जुनी जागा आपोआप जाते. ती मग परत मागता येत नाही. काउंटरवर गर्दीत कुणीतरी कागद पुढं सरकवतं आणि माणूस सही करतो. सही करण्याआधी तो कागद घेऊन बाहेर या, पाणी प्या, वाचा. कुठल्या फेरीत जागा सोडली तर अनामत जाते, पुढं बसता येतं की नाही, हे त्या-त्या वर्षीच्या सीईटी सेलच्या माहिती पुस्तिकेत असतं. मागच्या वर्षी शेजाऱ्यानं काय केलं त्यावर जाऊ नका.

राहिला भावाचा प्रश्न : नवं कॉलेज घ्यावं का?

मी काय केलं, एक दिवस सुट्टी काढली आणि बघायलाच गेलो. कुठल्या कॉलेजला ते सांगत नाही, कारण तसं बहुतेक नव्या ठिकाणी दिसेल. पहाटे अक्कलकोट रोड स्टेशन, पुढं गाडी बदलून, मग रिक्षा. रिक्षावाल्याला मेडिकल कॉलेज म्हटलं तर त्याला कळेना. सिव्हिल म्हटलं तर लगेच कळलं. तिथंच मला अर्धं उत्तर मिळालं. नवं सरकारी कॉलेज म्हणजे बहुतेकदा जुनं जिल्हा रुग्णालय, ज्याला आता कॉलेज जोडलंय. पेशंट आधीपासून आहेत. साडेदहा वाजता केसपेपरची रांग फाटकापर्यंत आली होती. बाळंतिणी, विंचू चावलेले, ट्रॅक्टरवरून पडलेले. शिकायला जे लागतं ते तिथं भरपूर.

नसतं ते दुसरं. शरीररचनाशास्त्राचा हॉल बघितला, नवा रंग दिलेला, टेबलांवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं सांगितलं, शव जुन्या कॉलेजातून येणार. मुलींचं हॉस्टेल भाड्याच्या इमारतीत. शिकवणारे काही जण इतर कॉलेजांतून तात्पुरते आलेले. मी विचारलं, कायमचे कधी? ते हसले.

खासगी नव्या कॉलेजात चित्र बरेचदा उलटं असतं : इमारत काचेची, खाटा रिकाम्या. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे १०० जागांसाठी ४२० खाटांचं रुग्णालय लागतं, आणि वर्षभराच्या सरासरीनं त्यातल्या ८० टक्के खाटा भरलेल्या हव्यात. २०२५ पर्यंत शिक्षकांची हजेरी आधारच्या बोटाच्या ठशावर होती. कागदावर सगळं बरोबर असतं. तुम्ही मंगळवारी अकरा वाजता जाऊन ओपीडीत बसा. कुणी अडवत नाही, सरकारीही नाही आणि खासगीही नाही.

परवानगीचंही एक समजून घ्या. नव्या कॉलेजला एकदम कायमची मान्यता मिळत नाही. पहिल्या तुकडीची परवानगी मिळते, मग पुढच्या टप्प्यांवर तपासणी आणि नूतनीकरण, आणि पहिली तुकडी शेवटच्या वर्षाला आली की पदवीची मान्यता. मधे त्रुटी निघाल्या तर नव्या प्रवेशांवर गदा येऊ शकते. सरकारी कॉलेजात मुलं रस्त्यावर येण्याची भीती कमी, सरकारला त्यांची सोय लावावीच लागते. खासगीत मात्र ही चौकशी करूनच पैसे भरावेत.

परत येताना मी गाडीत हिशेब केला. पहिल्या वर्षी तीनच मोठे विषय, शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. म्हणजे कॉलेजला भरायला वेळ मिळतो. सीनियर नाहीत, म्हणजे रॅगिंग नाही. पण सीनियर नाहीत म्हणजे जुन्या नोट्स नाहीत, परीक्षेत बाहेरचे परीक्षक काय विचारतात ते सांगणारं कुणी नाही, घरची आठवण आली तर "होईल सवय" म्हणणारी ताई नाही. पदव्युत्तरचे डॉक्टर नाहीत, म्हणजे पुढं इंटर्नच्या हातून जास्त काम होईल. ते चांगलं, पण चूक झाली तर वर बघायलाही माणसं कमी.

घरी येऊन हे सगळं सांगितलं. सल्ला दिला नाही. पुतणीनं एवढंच विचारलं, "काका, रांग खरंच फाटकापर्यंत होती?" आणि रात्री तिनं पसंतीक्रमात नवी सरकारी कॉलेजं डेंटलच्या वर टाकली. भाऊ दोन दिवस गप्प होता.

मग वाट बघणं. याबद्दल कुणी बोलत नाही. यादी आज सहाला येणार म्हणतात, रात्री अकरापर्यंत येत नाही. मोबाईलला रेंज नाही म्हणून पोरगी गच्चीवर. पीडीएफ शेकडो पानांची, उतरवताना मधेच अडकते. अनोळखी नंबरवरून फोन येतात, "तुमच्या मुलीची सीट कन्फर्म करून देतो". असे फोन सरळ कट करा. कॅप फेरीतली जागा फोनवर मिळत नाही. आई त्या दिवसांत रोज वटवृक्षाला जाऊन यायची आणि आल्यावर विचारायची, पत्र?

यादी आली ती पहाटे. नाव होतं. नवं कॉलेज, तिच्या क्रमातलं अकरावं.

प्रवेशाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मूळ कागद, जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, आणि एक वर्ष घरी बसली म्हणून खंड असल्याचं प्रतिज्ञापत्र. ते आम्ही विसरलो होतो. बाहेर झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक जण स्टॅम्पपेपर घेऊन बसलाच होता. त्याला ठाऊक होतं बहुतेक, रोज दहा जण विसरतात.

दुपारी आईचा फोन आला. पुतणीनं स्पीकर लावला.

"झाली का मुलाखत? काय विचारलं?"

"झेरॉक्सचे सेट किती आणल्यात, ते विचारलं आज्जी."

"मग? बरोबर सांगितलंस ना?"

"दोन सांगितले. तीन पाहिजे होते."

पुढच्या भागात सरकारी कॉलेजातून शिकल्यावर करायच्या एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेबद्दल बोलू. त्याचे दहा लाख कधी भरावे लागतात आणि कधी नाही, यावरही घरोघरी बरेच गैरसमज आहेत.